वरच्या खोलीतली भांडी

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी सुकलाल नथ्थू महाले यांच्या ब्रिज लोनची बाकी ११,६२,४०८ रुपये होती. ती ३१ मार्चच्या आत फेडायची, नाहीतर पांडेसऱ्याचं जुनं घर विकून बँकेचे पैसे मोकळे करायचे, असं करारात होतं. त्याखाली सही सुकलालभाऊंची होती.

सही करताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्रने, त्यांच्या मुलाने, डिंडोलीत सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत केला. लिफ्ट, दिवसभर पाणी, नातवाला खेळायला खाली बाग. जुनं घर विकायचं आणि नवं घ्यायचं, इतका सरळ हिशेब. पण बिल्डर थांबायला तयार नव्हता आणि जुन्या घराला गिऱ्हाईक लगेच मिळेना. मधला काळ निभावून नेण्यासाठी बँकेने जुन्या घरावर दोन वर्षांच्या मुदतीचं कर्ज दिलं. त्यालाच ब्रिज लोन म्हणतात. घर विकलं की ते मिटणार होतं.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. एकाला तिथे एम्ब्रॉयडरीची मशीन टाकायची होती. सुकलालभाऊ म्हणाले, भिंती तग धरणार नाहीत. दुसरा अर्धे पैसे रोख देत होता. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिसरा सज्जन निघाला, सगळी रक्कम चेकने द्यायला तयार झाला, तेव्हा त्यांनी घराचे कागद सापडत नाहीत असं सांगितलं. सबंध नोकरीत प्रोसेसिंग हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलच्या, डिस्पॅचमधलं एक चलन इकडचं तिकडे होऊ न दिलेल्या माणसाला स्वतःच्या घराचे कागद सापडेनात, तेव्हा धर्मेंद्र काय ते समजला. जेवताना तो बायकोला, वर्षाला, म्हणाला, "बापूंना घर विकायचंच नाही. सीधी वात छे."

सुकलालभाऊंनी वरणात भाकरी कुस्करली आणि आणखी वरण वाढून घेतलं.

मार्गही धर्मेंद्रनेच काढला. तो बँकेत विचारून आला. ब्रिज लोन बंद करून त्याच रकमेचं दहा वर्षांचं साधं कर्ज त्याच घरावर मिळू शकत होतं. हप्ता पंधरा हजारांच्या आसपास. निम्मा त्याचा, निम्मा बापूंचा. पुढच्या वर्षी निवृत्तीचे पैसे येणार होतेच. बँकेला फक्त एक गोष्ट नक्की हवी होती, ती म्हणजे त्या घरात राहतं कोण. मालक स्वतः राहत असेल तर कर्ज सहज आणि व्याज कमी. भाड्याने दिलं असेल तर नोंदलेला करार आणि भाड्याची आवक दाखवा, व्याज थोडं जास्त. रिकामं असेल तर कर्ज नाही.

आता पंचाईत अशी, की पांडेसऱ्याच्या घरात कोण राहतं याचं उत्तर महाल्यांच्या घरात कोणालाही एका शब्दात देता आलं नसतं.

सगळे डिंडोलीला राहायला गेल्यापासून खालच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. आत सुकलालभाऊंच्या बायकोची, मंगलाबाईंची, जुनी कपाटं, जातं आणि देव्हारा. देव अजून हलवलेले नव्हते. सुकलालभाऊ मिलमध्ये जाता जाता रोज दिवा लावून पुढे जात. वरच्या खोलीत चार पोरं राहत होती. सगळी शिंदखेड्याकडची, मिलमध्ये नाहीतर लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला. त्यांतला गजेंद्र सर्वांत मोठा, रंगाई खात्यात. ती सुकलालभाऊंच्या नात्यातली नव्हती. भाडेकरूही नव्हती, कारण भाडं कधी कोणी मागितलं नव्हतं आणि कोणी दिलंही नव्हतं.

ही रीत सुकलालभाऊंच्या घरापेक्षा जुनी होती. १९८६ साली बारावी कॉमर्स होऊन ते तापी लाईनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन कपडे, मार्कलिस्ट आणि गावातल्या लोटू आप्पांचा पत्ता होता. आप्पा लूमवर जॉबर होते, म्हणजे मशीन लावून देणारे आणि पोरांना कामाला लावणारे. उधन्यात त्यांची एकच खोली. तीत अकरा माणसं. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्या गरम अंथरुणावर रातपाळीवाले पडायचे, म्हणून ती अंथरुणं थंडीत कधी गार व्हायची नाहीत, असं सुकलालभाऊ अजून सांगतात. पाणी भरायची पाळी, स्वयंपाकाची पाळी. भाजी बहुतेक शेवेची, कारण ती करायला अक्कल लागत नाही. नवा पोरगा पहिल्या दिवशी भाकरी थापायला बसला की बाकीचे भोवती गोळा होऊन बघत, आणि भाकरी तव्यावर जाताना फाटली की त्याच्या मायच्या नावाने विचारपूस होई.

पहिला पूर्ण पगार होईपर्यंत जेवण आप्पांकडून, पुढे जेवणाचा वाटा द्यायचा. भाडं मात्र नाही. स्वतःची खोली झाली, लग्न ठरलं, की निघायचं; आणि निघताना घराला एक भांडं द्यायचं. त्यावर नाव घालून. नाव, गाव आणि साल. कुणी ताटली देई, कुणी पेला, ज्याचं बरं चाललं असेल तो पातेलं. हे कशासाठी, असं एकदा सुकलालभाऊंनी आप्पांना विचारलं होतं. आप्पा म्हणाले होते, अकरा माणसांना ताटं मी कुठून आणू?

सुकलालभाऊंनी स्टीलचा पेला दिला. भांड्याच्या दुकानातल्या माणसाने थरथरत्या सुईने त्यावर टिंबाटिंबांनी लिहिलं: सु. न. महाले, १९८९.

पुढे १९९८ साली त्यांनी पांडेसऱ्यात घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी लोटू आप्पा हातगाडीवर दोन पोती घालून आले. पोत्यांत भांडी. आप्पांचे डोळे गेले होते आणि मुलगा त्यांना न्यायला आला होता. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "मी आते गावले जास. हाई तू ठेव. वर एक खोली काढ."

वर खोली काढायला सुकलालभाऊंकडे पैसे नव्हते. त्यांनी पत्र्याची काढली. स्लॅब सहा वर्षांनी घातला. तेव्हापासून ती खोली कधी रिकामी राहिली नाही. फक्त लॉकडाउनात पोरं गावाकडे निघून गेली आणि काही महिने वर कोणी नव्हतं, तेव्हा सुकलालभाऊ रोज वर जाऊन झाडून काढत आणि उगाच नळ सोडून बंद करत. त्या खोलीतून गेलेला नितीन आज कडोदऱ्याला बारा लूमचा मालक आहे, एक पोलिसात आहे, एक पलसाण्याला टेम्पो चालवतो. सगळ्यांची भांडी फळीवर आहेत.

अर्जात "स्वतःचा वापर" असं धर्मेंद्रने भरलं. आधार कार्डावर पत्ता तोच, मतदान तिथेच, लाइट बिल बापूंच्या नावावर, देवसुद्धा तिथेच. सुकलालभाऊंनी तो अर्ज दोनदा वाचला, आणि खोटं कुठे आहे ते सापडेना, तरी सही करण्याआधी त्यांनी तो तिसऱ्यांदा वाचला. मंगलाबाईंना हा सगळा प्रश्नच उद्धट वाटला. "घर आपलं शे," त्या म्हणाल्या. "मंग कोन राहस, ते त्यास्ले कसाले सांगनं?"

बँकेचं माणूस गुरुवारी घर बघायला येणार होतं. बुधवारी धर्मेंद्रने चारही पोरांना नितीनकडे कडोदऱ्याला पाठवलं. अंथरुणं गुंडाळून कपाटात कोंबली. चपला, दाढीचं सामान, दोरीवरचे बनियन, सगळं गोणीत. मंगलाबाईंनी दोरीवर स्वतःची दोन लुगडी वाळत घातली, खाली चूल पेटल्यासारखं दिसावं म्हणून गॅसवर चहाचं आधण ठेवलं. धर्मेंद्रने खोलीभर नजर फिरवली आणि गुजरातीत म्हणाला, "हवे बराबर." आता ठीक.

भांड्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. जातं हलवायचं जसं कोणाच्या मनात आलं नसतं, तसंच ते. भांडी पोरांची नव्हतीच, घराची होती.

बँकेकडून आली ती शर्वरी दामले, पंचविशीची, अडाजणला वाढलेली, वडील पोस्टात. मराठी स्वच्छ, थोडी शाळेतली. ती सुकलालभाऊंना काका म्हणाली, मंगलाबाईंच्या पाया पडली नाही पण चप्पल दाराबाहेर काढली, आणि मोबाइलवर भिंतींचे फोटो काढत खालून वर गेली. वरच्या खोलीत ती फळीसमोर उभी राहिली. स्वच्छ घासलेल्या ताटल्या ओळीने उभ्या होत्या. तिने सहज एक उचलली. मग दुसरी. मग एक पातेलं कलतं करून त्याच्या कडेवरचं वाचलं.

"काका," ती म्हणाली, "ही सगळी वेगवेगळ्या माणसांची आहेत."

धर्मेंद्र पटकन म्हणाला, लग्नातल्या आहेराची आहेत.

शर्वरीने पुन्हा पाहिलं. "आहेर दरवर्षी येतो का? १९८१ आहे, २००३ आहे, ही तर मागच्या वर्षीची आहे. यावर 'रमेश भिल, दोंडाईचा' आहे, यावर 'शेख' आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "इथे पेइंग गेस्ट ठेवता का?"

मंगलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. धर्मेंद्र काहीतरी बोलायच्या बेतात होता. सुकलालभाऊंनी त्याला हातानेच थांबवलं. फळीच्या टोकाला त्यांचा पेला होता, तो त्यांनी काढून शर्वरीच्या हातात दिला.

"हा माझा," ते म्हणाले. "मी पण पाहुणाच होतो. दुसऱ्याच्या खोलीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आप्पांची खोली, हातगाडी, पोती. आत्ता चार पोरं राहतात, आज मुद्दाम बाहेर काढली आहेत, हेही सांगितलं. आम्ही डिंडोलीला राहतो, मी इथे फक्त दिवा लावायला येतो, हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मंगलाबाईंनाच पुढे होऊन वाक्य पुरं करावं लागलं. धर्मेंद्र गॅलरीत जाऊन उभा राहिला.

शर्वरीने पेला पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला आणि जागेवर ठेवला. ती म्हणाली, तिचा यावर पूर्ण विश्वास आहे. पण तिच्याकडे तीनच रकाने आहेत आणि हे घर आज तिन्हींत बसत नाही. स्वतः राहत नाही, भाडं घेत नाही आणि रिकामंही नाही. आज ती लिहिणार ते एवढंच, की मालक राहत नाही आणि इतर माणसं कराराशिवाय राहतात. त्यावर कर्ज होणार नाही. भाड्याचा करार करा, किंवा पुन्हा तपासणी मागवा.

जिना उतरताना ती थांबली. "काका, तुम्ही दोघं खरंच इथे राहत असतात आणि चार पाहुणे वर असते, तर मी काहीच विचारलं नसतं. पाहुण्यांना रकाना लागत नाही."

डिंडोलीच्या लिफ्टमध्ये धर्मेंद्र म्हणाला, "बापू, एक ताटली तरी उलटी ठेवायची होती." आणि मग त्यालाच हसू आलं. पण ते तेवढ्यापुरतंच. तारीख पुढे सरकत होती. त्याने दुसरा उपाय मांडला: पोरांकडून महिना दोन-दोन हजार घ्यायचे, करार नोंदवायचा, सगळं कायदेशीर. बाजारात त्या खोलीला याच्या दीडपट येईल, म्हणजे पोरांचंही भलंच.

पोरांच्या कानावर ते गेलं. रविवारी गजेंद्र स्वतः डिंडोलीला आला, सोफ्यावर न बसता खाली बसला आणि म्हणाला, काका, आम्ही देतो भाडं, घर वाचू द्या. सुकलालभाऊंना त्याचं कौतुक वाटलं आणि वाईटही. त्यांनी त्याला विचारलं, "मंग निघताना ताटलीवर काय लिहिशील? भाडं चुकतं केलं म्हणून?" गजेंद्र हसला. चहा पिऊन तो गेला.

खरं तर सुकलालभाऊंचं मनात ठरलं होतं, शर्वरी जिन्यात थांबली तेव्हाच. परत जायचं. फ्लॅट धर्मेंद्रच्याही नावावर होता, तिथे तो राहतच होता, तिकडे काही धक्का नव्हता. पण हे मंगलाबाईंना सांगायचं कसं? घर बांधायच्या आधीपासून पहाटे सार्वजनिक नळावर हंडे लावलेली ती बाई. वरच्या पोरांपैकी कोण तापला, कोण रुसला, कोणाला घरून पत्र नाही, सगळं तिने पाहिलेलं. कावीळ झालेल्या एका पोराला तिने महिनाभर वेगळं रांधून घातलं होतं, आणि तो बरा होऊन गेला तेव्हा ताटली द्यायला विसरला, यावर ती अजून हसायची. आता कुठे तिचा गुडघा शांत झाला होता. सहाव्या मजल्यावर उभ्याने स्वयंपाक, ओट्याखाली भांडी ठेवायला खण, संध्याकाळी बाकावर चार बायका, नातू शाळेतून आला की पहिली हाक आजीला. नवऱ्याने एका पेल्यासाठी हे सगळं सोड म्हणावं, हे त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकवेना.

म्हणून त्यांनी नुसता तिथला वेळ वाढवला. सकाळी दिवा लावायला जाऊ लागले ते तासभर आधी, आणि यायला लागले तासभर उशिरा. मंगलाबाईंनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी वर्षाला ज्वारी भिजत घालायला सांगितली.

दरवर्षी शिमग्याच्या सुमाराला त्या बिबड्या करत, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्यांच्या पापड्या, वर्षभर पुरतील इतक्या. मागच्या वर्षी डिंडोलीला गच्चीचं कुलूप सोसायटीने उघडून दिलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाला होता, पाण्याच्या टाकीवर कावळे येतात. निम्म्या बिबड्या गॅलरीत वाळल्या, निम्म्यांना बुरशी आली.

"गच्ची तठेच बरी," मंगलाबाई म्हणाल्या. "बिबड्या वायतलगून मी पांडेसऱ्याले राहसू. तुम्ही येतस का आठेच ऱ्हातस?"

सुकलालभाऊ म्हणाले, येतो.

"मंग त्या बँकवाली पोरले सांगा. पुन्हा ये म्हनावं."

"बिबड्या आठ दिवसांत वाळतात," ते म्हणाले. त्यांना हिशेबात खोट नको होती.

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आठ दिन कोनी सांगं? मी करसू तितल्या करसू," त्या म्हणाल्या आणि जिऱ्याचा डबा शोधायला उठल्या.

१० मार्चला ती दोघं पांडेसऱ्याला आली. टेम्पो पलसाण्याच्या त्या माजी खोलीकऱ्यानेच आणला. वर्षाने सासूबाईंसाठी वेस्टर्न संडासाची खुर्ची घेऊन दिली, आणि जाताना ती दारात इतकी रडली की शेजारच्या बाईला वाटलं काहीतरी भांडण झालं. नातवाला काहीच कळलं नाही. त्याला गच्ची आवडली. धर्मेंद्रने वडिलांशी दोन दिवस बेताचंच बोलणं ठेवलं, तिसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन आला आणि खालच्या मोरीत गरम पाण्याचा गीझर लावून दिला.

गच्चीवर लुगडी अंथरून त्यांवर बिबड्या घातल्या होत्या. रातपाळीहून आलेली पोरं वर जाताना त्या चुकवत चवड्यांवर चालत, आणि मंगलाबाई खालूनच ओरडत की एकाच्याही पायाला चिकटली तर बघा. दुपारी रंगाईचा तो ओळखीचा उग्र वास आला की सुकलालभाऊ खिडकी बंद करत नसत. संध्याकाळी पोरांबरोबर वरच जेवायला बसत. भाकरी फाटली की आता त्यांच्याही मायच्या नावाने विचारपूस होई, पण ती 'काका' म्हणून, जरा जपून.

दुसरी तपासणी २० तारखेला झाली. शर्वरी आली तेव्हा या वेळी काहीच लपवलं नव्हतं. चपलांचे सहा जोड दारात होते. वर गजेंद्र झोपलेला होता, त्याला उठवू नका असं तिनेच सांगितलं. खाली देवापुढे समई, कपाटात औषधं, मोरीत ओली साडी. तिने फोटो काढले आणि मोबाइलवर पहिल्या रकान्यात खूण केली. मंगलाबाईंनी तिला पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तिने पेला फिरवून पाहिला, १९८९ वाचलं आणि तो खाली ठेवला. जाताना तिला बिबड्यांची पिशवी मिळाली. ती घेणं नियमात बसतं का, हे तिने विचारलं. मंगलाबाई म्हणाल्या, अजून ओल्या आहेत, याला काय नियम.

२८ मार्चला नवं कर्ज मंजूर झालं आणि ब्रिज लोनचं खातं बंद झालं. बिबड्या वाळल्या, डब्यांत भरल्या, वर्षाकडे चार डबे गेले. परत जायचा विषय मंगलाबाईंनी काढला नाही. जूनमध्ये गजेंद्रचं लग्न ठरलं, आणि वरच्या फळीवर एक परात वाढली. जुलैत गावाकडून दोन नवी पोरं आली.

दुसऱ्या तपासणीची फी १,१८० रुपये धर्मेंद्रने भरली होती. ते सुकलालभाऊंकडून त्याला यायचे आहेत.